आत्याच्या किरकोळ दुरुस्त्या

१२ जानेवारी

सही झाली. 'ओली खोली'वर पुन्हा चित्रपट निघतोय आणि त्याची पटकथा मी लिहिणार आहे. मी! पंधरा वर्षं मालिकांमधल्या सासवांना दारामागे उभं करून चोरून ऐकायला लावणारा मी. बातमी आधी बायकोला सांगितली. तिच्या चिमट्यात कुणाचीतरी दाढ होती, त्यामुळे तिने नुसती मान हलवली. (बायको दातांची डॉक्टर. तळमजल्यावर तिचा दवाखाना, पहिल्यावर आमचं घर, तिसऱ्यावर आत्या.) मग लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगितली. तो म्हणाला, "छान. आता जरा बाजूला व्हा."

कादंबरीत काय आहे ते लिहून ठेवतो. ही डायरी खासगी आहे, पण मोठ्या लेखकांच्या डायऱ्या पुढेमागे छापल्या जातात. वाचणाऱ्याची अडचण नको. एक कुटुंब भाड्याच्या घरात राहायला येतं. त्यातल्या एका खोलीची फरशी रोज सकाळी ओली असते. ओल्या पावलांचे ठसे. लहान पावलं, आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही. कादंबरीकार आता हयात नाहीत. चौतीस वर्षांपूर्वी या कादंबरीवर पहिला चित्रपट आला, तुफान चालला, आणि त्याची पटकथा लिहिणाऱ्या गृहस्थांना तेव्हापासून सगळे 'गुरुजी' म्हणतात. तो चित्रपट मी पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. स्वतःची दृष्टी गढूळ करून घ्यायची नाही. (शिवाय मला असले चित्रपट बघायची भीती वाटते. हे छापताना गाळावं.)

२० जानेवारी

मी हातानेच लिहितो. विचार बोटांतून कागदावर उतरायला हवा. टाइप आत्या करून देणार आहे.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याहत्तर, लग्न केलं नाही. कोर्टासमोर तिचं टायपिंगचं दुकान होतं, कित्येक वर्षं. प्रतिज्ञापत्रं, प्रबंध, भाडेकरार, जे येईल ते. डोळे थोडे गेले, बोटं तशीच आहेत.

"मी नुसतं टाइप करणार हं," ती म्हणाली. "फार तर किरकोळ दुरुस्त्या. ऱ्हस्व-दीर्घ वगैरे."

"तेवढंच कर. माझ्या मजकुराला हात लावायचा नाही."

"छे! मी कशाला?" आत्या म्हणाली.

कुठली कादंबरी ते सांगितलं, तर तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. म्हणाली, "पुन्हा उघडली का ती खोली?" म्हातारी माणसं काहीही बोलतात.

३ फेब्रुवारी

वीस पानं वर पाठवली होती. टाइप होऊन एकेचाळीस आली. विचारलं, तर आत्या म्हणाली की पटकथेत दोन ओळींमध्ये जागा सोडावी लागते. मला हे माहीत नव्हतं. मालिकांमध्ये इतकी जागा सोडत नाहीत.

टाइप झालेलं वाचताना मात्र आपलं लिखाण किती वेगळं वाटतं! मी लिहिलं होतं त्यापेक्षा खोल वाटतं. छापील अक्षराची जादूच आहे ती.

९ फेब्रुवारी

आज एक थोर प्रसंग लिहून झाला. म्हणजे झालेला आढळला.

मी लिहिलं होतं: आई ओले ठसे पाहते आणि किंचाळते. बाबा धावत येतात, तेही किंचाळतात. टाइप होऊन आलं ते असं: आई ठसे पाहते. किंचाळत नाही. कपाटातून एक कोरडा टॉवेल काढते आणि खोलीच्या दाराशी ठेवते. सकाळी टॉवेल ओला असतो. आणि नीट घडी घातलेला.

माझ्या मानेवर काटा आला. खाली दवाखान्यात नेमकं कुणीतरी "आई गं!" म्हणून ओरडलं, तसा मी वही सोडून उभाच राहिलो.

आत्याला फोन केला. "हे मी लिहिलंय?"

"तुझ्या अक्षरात तसंच दिसलं बाबा मला," ती म्हणाली.

माझं अक्षर वाईट आहे हे कबूल. पण आठवायला लागल्यावर आठवलं, सकाळी आंघोळ करताना टॉवेलाचा विचार मनात आला होता खरा. म्हणजे कल्पना तिथलीच. हाताने आपोआप लिहिली असणार. बायकोला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला तोंडावरचा मास्क काढावा लागला. का हसली ते कळलं नाही.

२६ फेब्रुवारी

दिग्दर्शकाच्या ऑफिसात वाचन. दिग्दर्शक सत्तावीस वर्षांचा आहे, घरातही टोपी घालतो आणि मला 'दादा' म्हणतो. टॉवेल आला तेव्हा त्याने टोपी काढली.

"दादा, हे तुम्ही लिहिलंत?"

"मग कोणी?"

"नाही, मालिकांमधलं तुमचं काम बघितलंय मी, म्हणून विचारलं."

मग त्याने पेन्सिल घेतली आणि जिथे जिथे 'खोली' होतं तिथे 'रूम' केलं. म्हणाला, "आता हे माझंही झालं." मी मोठ्या मनाने हसलो. हसायला नको होतं.

५ ऑगस्ट

मधले पाच महिने इथे काही नाही, कारण शूटिंग चालू होतं आणि मला कुणी बोलावलं नाही.

आज कंपनीचं पत्र आलं. पडद्यावर जाणारी नावं अशी: 'पटकथा: दिग्दर्शकाचं नाव, माझं नाव.' त्याचं आधी! 'खोली'चं 'रूम' केल्याबद्दल! आणि दोघांमध्ये स्वल्पविराम. 'आणि'सुद्धा नाही.

आत्याकडे जाऊन आदळआपट केली. ती शांतपणे म्हणाली, "'आणि' म्हणजे बरोबरीने. स्वल्पविराम म्हणजे रांगेत." आणि मग, "तक्रार कर. नावाचं त्या त्या वेळीच बोलायचं असतं. मागाहून कुणी ऐकत नाही."

लेखक संघाकडे तक्रार केली. पटकथेचं श्रेय एकट्या मला मिळावं, अशी. टाइप आत्यानेच करून दिली. फारच जोरदार झाली. मी इतका चिडलोय हे मला वाचल्यावर कळलं.

१८ ऑगस्ट

घोळ वाढला. संघाचा नियम असा की एकाच कादंबरीवर दुसऱ्यांदा चित्रपट निघाला आणि श्रेयावरून वाद झाला, तर पहिल्या चित्रपटाच्या लेखकालाही कळवायचं. त्यांनी गुरुजींना कळवलं. गुरुजींनी आमची पटकथा वाचली आणि दावा ठोकला: निम्मी पटकथा माझ्या पटकथेतून उचलली आहे!

उचलली? मी? ज्याने तो चित्रपट पाहिलासुद्धा नाही?

आत्याला सांगितलं. तिने खिडकीतून खाली पाहिलं. मग म्हणाली, "त्यांची तब्येत कशी असते रे आता?"

मी इथे चोर ठरतोय आणि हिला त्यांच्या तब्येतीची पडलीये!

२ सप्टेंबर

पहिली सुनावणी. संघाच्या कचेरीत एक लांब टेबल, तीन सदस्य, मध्ये अध्यक्षबाई. पूर्वी नभोनाट्यं लिहायच्या म्हणे. आवाज असा की आपण न केलेलंही कबूल करावं.

आधी दिग्दर्शकाचा निकाल लागला. बाईंनी विचारलं, "'खोली'चं 'रूम' केलंत. आणखी काय केलंत?"

"टॉवेल पिवळा असावा हे मी सांगितलं."

"तो पडद्यावर कोणत्या रंगाचा आहे?"

"पांढरा," दिग्दर्शक म्हणाला आणि टोपी घालून गेला.

मला गुदगुल्या झाल्या. त्या फार टिकल्या नाहीत. बाईंनी एक जुनी, दोऱ्याने बांधलेली फाइल काढली. गुरुजींची मूळ पटकथा, पहिला खर्डा, चौतीस वर्षं संघाच्या कपाटात सीलबंद. काल समितीने फोडली. त्यात टॉवेल आहे. घडी घातलेला. तेव्हाचा निर्माता म्हणाला होता की इतकं शिस्तीचं भूत कुणाला भिववणार, म्हणून तो प्रसंग चित्रित झालाच नाही. कादंबरीत नाही, जुन्या चित्रपटात नाही. फक्त त्या फायलीत आहे, आणि माझ्या पटकथेत. अशा सोळा जागा निघाल्या.

"हा तुम्हाला कुठून मिळाला?" बाईंनी विचारलं.

"आंघोळ करताना," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

गुरुजी समोरच बसले होते. काठी, पांढरे केस, माझ्याकडे रोखून पाहत होते. रागाने नव्हे, विचित्रच. त्यांनी अचानक विचारलं, "तुमचं टायपिंग कोण करतं हो?"

"माझी आत्या. तिचा काय संबंध?"

गुरुजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुढची तारीख दिली. टायपिंगवाल्यांचं काय घेऊन बसले होते कोण जाणे. वेळकाढूपणा, दुसरं काय!

३ सप्टेंबर

घरी सगळं सांगितलं. बायको आणि आत्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"सांगा आता," बायको तिला म्हणाली.

"तिथेच सांगते," आत्या म्हणाली. "नऊ तारखेला मीही येते."

"तू कशाला?"

"तुझी फाइल धरायला."

९ सप्टेंबर

जसं घडलं तसं लिहितो.

आत्या ठेवणीतली साडी नेसून आणि बाहेरच्या चपला घालून आली. दार उघडलं तसे गुरुजी उठून उभे राहिले. काठी पडली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

"तुम्हीच ना?" ते म्हणाले.

"मीच," आत्या म्हणाली. "बसा. गुडघे दुखत असतील."

मग गुरुजी अध्यक्षबाईंकडे वळून बोलायला लागले. "मी तेव्हा कथा लिहायचो. पटकथा कशी असते ते मला माहीत नव्हतं. कोर्टासमोर यांचं दुकान होतं, तिथे टाइप करायला बत्तीस पानं दिली. परत आली एकशे दहा. मी विचारलं, बाई, टाइप केल्यावर इतकी होतात का? तर म्हणाल्या, दोन ओळींमध्ये जागा सोडावी लागते."

सदस्यांपैकी एक जण खोकला. मी मनात आकडे मोजले: वीस, एकेचाळीस.

"मग तुम्ही काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"वाचली. माझी नाही हे पहिल्याच पानावर कळलं. चांगली आहे हेही कळलं. गप्प बसलो." गुरुजींचा आवाज उतरला. "त्यानंतर मी नऊ चित्रपट लिहिले. एकही चालला नाही. लोकांना वाटतं, गुरुजी निवडक काम करतात. परवा या गृहस्थांची पटकथा हातात आली आणि टॉवेलापाशी आलो, तेव्हा म्हटलं, बाई जिवंत आहेत. दावा केला तो त्यासाठी. दावा केल्याशिवाय समितीसमोर कुणी येत नाही."

"दुकानात येता आलं असतं," आत्या म्हणाली.

"आलो होतो. तीन वर्षांनी. दुकान दुसरीकडे हललं होतं."

"पुढच्याच गल्लीत हललं होतं. पाटी लावली होती."

गुरुजी खाली वाकून काठी शोधायला लागले.

बाईंनी आत्याला विचारलं, "तुम्ही तेव्हा नाव का नाही मागितलं?"

"मागायचं असतं हेच माहीत नव्हतं," आत्या म्हणाली. "वाटलं, ते आपण होऊन देतील. पहिल्या दिवशी गेले थेटरात. शेवटी सगळ्यांची नावं येतात ना, ती बघत बसले. विजेवाले, सुतार, गाडी चालवणारे. सेटवर चहा देणाऱ्याचंही होतं. दिवे लागेपर्यंत बसले. मग वाटलं, आपण पापणी हलवली तेवढ्यात गेलं असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. 

"आणि यांच्या वेळी?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. थोडं ओशाळून. "याच्या पटकथेत आई-बाबा दोघंही पानभर किंचाळत होते हो. मला टाइप करवेना."

मग बाईंनी नियम सांगितला. करार ज्याच्या नावावर आहे, त्यालाच श्रेय मागता येतं. आत्याचा करार नाही. गुरुजींनी दावा मागे घेतला. म्हणजे आजच्या घडीला, कागदोपत्री, पटकथा एकट्या माझी. "अर्थात," बाई म्हणाल्या, "करार असलेल्या लेखकाने स्वतः लेखी निवेदन दिलं, तर गोष्ट वेगळी. मुदत सात दिवस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे पाहिलं.

१० सप्टेंबर

कुणाशीही बोलायचं नाही असं ठरवलंय.

११ सप्टेंबर

बायकोशी बोललो. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं. आंघोळीत सुचलं म्हणायचास. तू आंघोळ दोन मिनिटांत उरकतोस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खुशीत होतास. आणि आत्यासुद्धा. रोज दुपारी तुझे कागद यायची वाट बघायच्या. दातांचा ब्रिज बसवायला आल्या होत्या तेव्हा तोंडात माझे दोन्ही हात, तरी सांगत होत्या की त्यातल्या आईने टॉवेल कसा ठेवला पाहिजे."

दुपारी माझी वही आणि टाइप केलेली पटकथा शेजारी शेजारी ठेवून बसलो. लाल पेन्सिलीने माझ्या ओळींखाली रेघा मारत गेलो. आधी वाटलं, पेन्सिल लिहीत नाहीये. एकशे अठरा पानं. रेघा ओढायला बसलो तेव्हा चहा गरम होता, आणि उठलो तेव्हाही बऱ्यापैकी गरम होता.

राग आला. तिचा आला, गुरुजींचा आला, लिफ्टवाल्याचाही आला. आत्याने मला फसवलंय. माझ्या नावाखाली लपून तिने आपली हौस भागवली. पण मग आठवलं, मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला कसं वाटलं ग. महिनाभर रोज कागद वर पाठवले आणि खाली मागवले. लिफ्टच होती ती माझी.

तरीही, माझं नाव एकट्याचं, मोठ्या पडद्यावर. कुणाला कळणार आहे? समितीला गुप्तता पाळावी लागते. गुरुजी आज ना उद्या...

हे वाक्य पुरं करत नाही. स्वतःचीच लाज वाटायला लागली.

१४ सप्टेंबर

निवेदन टाइप केलेलंच लागतं. आत्याकडे जायची सोय नव्हती, म्हणून स्वतःच बसलो, दोन बोटांनी.

पहिला मसुदा: 'पटकथा लिहिताना माझ्या आत्याचं थोडंफार साहाय्य झालं.' वाचलं आणि पुसलं. दुसरा: 'आत्याचा मोलाचा वाटा आहे.' हे निवृत्तीच्या समारंभात म्हणतात. पुसलं. तिसऱ्यात मी आपोआप 'आंघोळीत' हा शब्द टाइप केला. तोही पुसला. शेवटी चार ओळी राहिल्या. पटकथा तिने लिहिली. मी जे लिहिलं होतं ते तिने बहुतेक सगळं बदललं. तिने बदललं म्हणून ती चांगली झाली. हे मला आधी कळायला हवं होतं.

तीन तास लागले. छापून बायकोला दाखवलं. तिने वाचलं, तोंडावरचा मास्क खाली केला आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला. खुर्चीवरचा पेशंट आ वासून बघत होता, पण तो तसाही आ वासूनच होता.

३० सप्टेंबर

निकाल आला.

'पटकथा: आत्याचं नाव आणि माझं नाव.' मध्ये 'आणि' आहे. बाईंनी लिहिलंय की काही जागा निर्विवादपणे माझ्याच आहेत आणि समितीला त्या सहज ओळखता आल्या. पुढे दुसरी ओळ: 'पूर्वीच्या चित्रपटाच्या पटकथेवरून: आत्याचं नाव आणि गुरुजींचं नाव.' गुरुजींनी स्वतःहून तसं लिहून दिलं. दिग्दर्शकाने 'रंगसंकल्पना: टॉवेल' अशी ओळ मागितली होती. ती नाकारली.

म्हणजे तिचं नाव दोनदा, माझं एकदा. मोजलं हे खरं.

पत्र घेऊन वर गेलो. आत्याने ते उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. मग म्हणाली, "तुझं निवेदन पाहिलं मी. बाईंनी प्रत पाठवली होती. त्यात अकरा चुका होत्या."

"दुरुस्त करायच्या होत्यास."

"नाही केल्या," ती म्हणाली. "तशीच ठेवलीये." आणि कपाटाचं दार उघडून उगाच आत काहीतरी शोधत राहिली, बराच वेळ.

२१ नोव्हेंबर

आज पहिला खेळ. दुपारचा. मी, बायको, आत्या आणि आत्याच्या पलीकडे गुरुजी. थेटर गच्च भरलेलं.

सुरुवातीलाच नावं आली. तिचं आलं तेव्हा मी तिच्याकडे बघायचं ठरवलं होतं, पण पडद्याकडेच बघत राहिलो, कारण माझंही होतं. अशी ही माझी जात. मग कडेने पाहिलं, तर ती अजिबात रडत वगैरे नव्हती. पुढे रेलून, हनुवटी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवून बघत होती, लहान मुलीसारखी. गुरुजी रुमाल शोधत होते.

भीतीच्या जागांना लोक जिथे गप्प व्हायचे तिथे गप्प झाले. मी बऱ्याच वेळा डोळे मिटले. मध्यंतरानंतर तो प्रसंग आला, ज्यातलं अक्षर न् अक्षर माझं आहे. बाबा एकटे फरशी पुसायचं लांब दांड्याचं फडकं हातात धरून खोलीसमोर उभे राहतात आणि गरजतात: "कोण आहेस तू? समोर ये! मी या घराचा भाडेकरू आहे!" लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एका माणसाची असहायता आहे त्यात.

थेटर हसायला लागलं. गालातल्या गालात नव्हे, खो खो. मागे कुणीतरी "भाडेकरू!" असं म्हणून खुर्चीवर हात आपटत होतं. बायको माझ्या खांद्यात तोंड लपवून हलत होती. मी अंधारात शक्य तितका खाली सरकलो.

आणि हसू अजून विरलंही नव्हतं, लोक डोळे पुसत होते, एवढ्यात पुढचा प्रसंग आला. सातशे माणसं एकदम किंचाळली. माझ्या पुढचा धिप्पाड गृहस्थ दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत गोळा झाला, तो शेवटपर्यंत तसाच.

बाहेर पायऱ्यांवर मी आत्याला गाठलं. "तो भाडेकरूचा प्रसंग तू का नाही बदललास? सगळं बदललंस, मग माझी शोभा करायला तेवढाच ठेवलास?"

"मुद्दाम ठेवला," ती म्हणाली. "माणसं हसली की सैल पडतात रे. अंग सैल असल्याशिवाय दचकत नाहीत. जुन्या चित्रपटात मला ते जमलं नव्हतं. माझ्या हाताला विनोद नाही."

"पण मी विनोद लिहिला नव्हता!"

"म्हणून तर," आत्या म्हणाली. "ठरवून असं कुणाला लिहिता येतंय?" आणि गुरुजींचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवायला लागली.

गाडीत मी बायकोला विचारलं, हे कौतुक होतं का? तिने विचार केला. दोन सिग्नल गेले. म्हणाली, "तू कौतुकच समज."

तसं समजलो आहे.